स्टाफरूम पडद्यावर येत नाही

तमिळ सिनेमातला शिक्षक वर्गात येतो तेव्हा आधी त्याचे बूट दिसतात. मग मनगटावरचं घड्याळ, मग पाठमोरी आकृती, आणि चेहरा दिसेपर्यंत थिएटर शिट्ट्यांनी दणाणून गेलेलं असतं. नट मोठा असेल तर चेन्नईत पहिल्या खेळाच्या आधीच थिएटरबाहेर ढोल वाजू लागतात, कटआउटवर दुधाचा अभिषेक होतो. आपल्या नायकाने यंदा पोलिसाचं काम केलंय की प्राध्यापकाचं, याने त्या उत्साहात फरक पडत नाही. मी त्या गर्दीत उभी राहिले आहे. मला हे चित्रपट आवडतात. खडू हातात घेणाऱ्या माणसासाठी एवढी माणसं जमतात, याचा आनंदच होतो. तरीही या शहरात इतकी वर्षं शिकवल्यावर स्वच्छ बोलावंसं वाटतं, की पडद्यावरचा शिक्षक आम्हाला जेवढा मान मिळवून देतो, त्याहून जास्त काही आमच्याकडून काढून घेतो.

मी इथल्या एका खासगी शाळेत हिंदी शिकवते. तमिळनाडूत १९६८ पासून सरकारी शाळांना दोनच भाषा, तमिळ आणि इंग्रजी. हिंदी आहे ती खासगी शाळांत, आणि गांधीजींनी १९१८ मध्ये सुरू केलेल्या, त्यागरायनगरच्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांत. माझ्यासारख्या लग्न होऊन इथे आलेल्या कितीतरी मराठी बायका याच वाटेने शिक्षिका झाल्या. मुलं आम्हाला 'मिस' म्हणतात. मी वर्गात शिरते ती हजेरीपट, तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा आणि पाण्याची बाटली सांभाळत, आणि दारातूनच मागच्या बाकावरच्या कोणाला तरी खाली बसायला सांगत. पहिलं वाक्य पूर्ण होण्याआधी कोणीतरी शौचालयाला जायची परवानगी मागतं.

आता खुद्द शिकवणं कसं असतं ते सांगते, कारण चित्रपटात ते जवळजवळ कधीच दिसत नाही. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांसाठी मिळून एकच अक्षर आहे. बोलताना जागा पाहून त्याचा क होतो किंवा ग होतो. ख आणि घ मुलांच्या जिभेला माहीतच नसतात. त्यामुळे 'खाना' आणि 'गाना' या दोन्हींसाठी वहीत 'काना' येतं. यावर उपाय आहे, आणि तो सगळ्या हिंदी शिक्षिकांना ठाऊक आहे. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी फाडायची, ओठांसमोर धरायची. 'क' म्हटलं की पट्टी जेमतेम हलते, 'ख' म्हटलं की फडफडते. मग दोन बोटं गळ्यावर ठेवायची. 'क' म्हणताना गळा गप्प असतो, 'ग' म्हणताना बोटांखाली गुरगुर जाणवते. पहिल्या दिवशी मुलांना याची फार मजा वाटते. सगळा वर्ग ख-ख करत पट्ट्या उडवतो, शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'काना'. तिसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी.

सहावीतला एक मुलगा होता. वर्षभर त्याची पट्टी हललीच नाही. ओठ गोल करायचा, गाल फुगवायचा, लाजायचा. मी कधी मधल्या सुट्टीत, कधी हजेरी घेता घेता त्याच्याकडून एकेक शब्द म्हणवून घ्यायचे. सातवीत आल्यावर, पावसाळ्यातल्या एका तासाला, तो धडा वाचायला उभा राहिला आणि 'खाना' म्हणून पुढे गेला. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. वर्गाच्याही नाही. मी पुढच्या मुलाला वाचायला सांगितलं.

हे काम चित्रीकरणाला सोयीचं नाही, हे मला कळतं. अडीच तासांत वर्ष बसवायचं तर पुनरावृत्ती गाळावीच लागते. पण शिकवणं म्हणजे मुख्यतः पुनरावृत्तीच असते. ती गाळली की मागे भाषण उरतं. म्हणून पडद्यावरचे शिक्षक एवढं बोलतात, आणि त्यांच्या एका भाषणाने वर्ग बदलतो. बदललेला वर्ग मी खूपदा पाहिला आहे. भाषणाने बदललेला एकही आठवत नाही.

पण माझी मुख्य तक्रार याहून वेगळी आहे. ती स्टाफरूमबद्दल आहे.

२०१२ चा 'साट्टै' घ्या. समुद्रकनी यांनी त्यात दयाळन नावाच्या शिक्षकाचं काम केलं आहे. मागे पडलेल्या सरकारी शाळेत तो येतो आणि मुलांना माणसासारखं वागवून शाळा वर काढतो. अभिनय उत्तम आहे, आणि हा चित्रपट पाहून शिक्षकी पेशाकडे वळावंसं वाटलेले तरुण मला भेटले आहेत. पण दयाळन उजळून दिसावा म्हणून चित्रपटाने काय केलं आहे? तंबी रामय्यांचा उपमुख्याध्यापक खलनायक केला आहे, आणि बाकीच्या शिक्षकांपैकी बहुतेकांना आळशी, भित्रं किंवा हास्यास्पद ठरवलं आहे. 'राट्चसी'त ज्योतिका मुख्याध्यापिका होऊन येते तेव्हाही तेच. स्टाफरूममध्ये वर्तमानपत्रं, घोरणं, चुगल्या. एक चांगला शिक्षक दाखवायचा तर बाकीचे वीस वाईट असलेच पाहिजेत, असा जणू नियमच झाला आहे.

मी ज्या स्टाफरूममध्ये बसते तिथे एक लांब टेबल आहे, भिंतीला लागून लोखंडी कपाटं आहेत, आणि दुपारी पुळियोदरै, दहीभात, माझ्या डब्यातली पोळी-भाजी यांचा मिळून एक वास असतो. तिथे वादही होतात, रुसवेही असतात. पण आमची शाळा चालते ती त्या टेबलावर. मध्यंतरी आठवीतला एक मुलगा हळूहळू मिटत चालला होता. पी.टी.च्या सरांच्या लक्षात आलं, की तो मैदानावर धावत नाही, कडेला उभा राहतो. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या तासाला झोपतो. लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, पुस्तक नेतो आणि न उघडता परत करतो. माझ्याकडे त्याच्या वहीतलं विस्कटलेलं अक्षर होतं. एकेकट्या या गोष्टींना काही अर्थ नव्हता. दहीभात खाता खाता त्या एकत्र आल्या आणि मग वर्गशिक्षिकेने घरी फोन केला. वडिलांची नोकरी गेली होती आणि मुलगा पहाटे उठून पेपर टाकायला जात होता. शुल्काला मुदत मिळवून देणं, दुसऱ्या तासाला त्याला झोपू देणं, चाचणी पुढे ढकलणं, हे सगळं चौघा-पाचजणांनी मिळून केलं. सिनेमात हे सगळं एकाच माणसाला दिसलं असतं. तो एकटा मोटारसायकलवर त्याच्या घरी गेला असता.

माझी आई पुण्यात आजारी होती तेव्हा माझे तास कोणी कोणी वाटून घेतले, हे मला सब्स्टिट्यूशनच्या वहीतल्या सह्या पाहून नंतर कळलं. ज्यांना मोकळा तास होता त्यांनी तो दिला. चेन्नईच्या उकाड्यात मोकळा तास म्हणजे काय, हे ज्याने सलग चार तास उभं राहून शिकवलं आहे त्यालाच माहीत.

'साट्टै' आला त्याच २०१२ सालातली एक गोष्ट मला टाळता येत नाही. महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आईचा घो' आपल्याकडे २०१० मध्ये आला. गुणांच्या धाकाने पिचलेला बाप पोराला मारतो आणि पोर मरणाच्या दाराशी जाऊन पोहोचतं. प्रकाश राज यांनी त्यावरून 'धोनी' केला, आणि तो २०१२ च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या थिएटरांत लागला. त्याच फेब्रुवारीत, याच शहरात, एका शाळेतल्या नववीच्या मुलाने आपल्या शिक्षिकेवर वर्गातच चाकूने वार केले. त्या वाचल्या नाहीत. त्या हिंदीही शिकवत असत. डायरीत पालकांसाठी लिहिलेल्या शेऱ्यांचा मुलाच्या मनात राग होता, असं तेव्हा छापून आलं. त्या दिवसांत आमच्या स्टाफरूममधल्या लांब टेबलावर मुलांच्या डायऱ्या पडल्या होत्या आणि कोणी पेन उघडत नव्हतं. अभ्यास अपुरा, हे आई-वडिलांना कळवायचं की नाही? कळवलं तर घरी काय होईल? न कळवलं तर मुलाचं काय होईल? त्या बाईंना आणि त्या मुलाला आम्ही कोणीच ओळखत नव्हतो, पण दोघंही आमच्यातलेच होते. वर्गात साठेक मुलं असताना एका मुलाच्या मनात काय शिजतंय हे कळायला शाळेत समुपदेशक लागतो, लहान वर्ग लागतो, पालकांशी बोलायला फुरसत लागते. यातलं काहीही एखाद्या धाडसी शिक्षकाच्या आगमनाने मिळत नाही.

शिक्षकाच्या खऱ्या आयुष्यावर चित्रपट झाला तर तो तरी खरा उतरतो का? कमल हासन यांचा १९९४ चा 'नम्मवर' बराचसा 'टू सर, विथ लव्ह'वरून सुचला होता. नागेश यांना त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. मूळ इंग्रजी चित्रपट १९६७ चा, आणि तो ज्यावर बेतला ते ई. आर. ब्रेथवेट यांचं आत्मकथन १९५९ चं. ब्रेथवेट गयानाचे, शिकलेले इंजिनिअर, युद्धात हवाईदलात काम केलेले. काळे म्हणून लंडनमध्ये नोकरी मिळेना, तेव्हा ईस्ट एंडच्या शाळेत शिकवू लागले. त्यांच्याच वर्गावरचा तो चित्रपट जगभर गाजला, पण त्यांना स्वतःला तो अजिबात आवडला नव्हता, आणि पुढे त्यांनी ते उघड बोलूनही दाखवलं. मला यात सगळं कळतं. ज्याने ते वर्ष प्रत्यक्ष काढलं, त्याला त्यातली सोपी झालेली प्रत्येक गोष्ट टोचणारच.

आपल्या मराठी पडद्यानेही शिक्षकाला कधी देव केलं, कधी देवपणातून खाली ढकललं. शांतारामबापूंच्या 'पिंजरा'तले, डॉ. लागूंनी उभे केलेले मास्तर १९७२ मध्ये आले आणि घराघरांत पोहोचले. गावाने ज्याला आदर्श मानलं त्याचं पतन, हाच तिथे विषय. 'दहावी फ' मला जवळचा वाटतो, कारण त्यात तुकड्या पाडून मुलांना हुशार आणि ढ ठरवणारी व्यवस्थाच प्रश्न म्हणून समोर येते. अतुल कुलकर्णींचा शिक्षक त्या मुलांच्या सोबत उभा राहतो, पण त्यांच्यापुढे उभा राहून चित्रपट व्यापत नाही. आणि रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' ही कादंबरी तर प्रत्येक शिक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर हवी. साक्षरता अभियानाच्या कागदांत अडकलेले ते गुरुजी मी चेन्नईत रोज पाहते. इथे त्यांच्या हातात कागदाऐवजी मोबाईल असतो एवढंच.

आमच्या गल्लीच्या टोकाला महानगरपालिकेची शाळा आहे. तिथल्या एक शिक्षिका माझ्याहून वयाने मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणते. संध्याकाळी भाजी घेताना आमची गाठ पडते. हजेरी अॅपवर, मूल्यमापन अॅपवर, मोफत वह्या-गणवेशाची नोंद अॅपवर. मतदारयाद्यांचं काम आलं की घरोघर फिरायचं. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरं काम देऊ नये असं सांगितलं आहे, पण या तीन अपवादांतच बरीच वर्षं निघून जातात. एकदा मी त्यांना विचारलं, अक्का, तुमच्या वर्गात सगळ्यात मोठा बदल कधी झाला? मला वाटलं, एखाद्या मुख्याध्यापकांचं नाव घेतील. त्या म्हणाल्या, "सकाळचा नाश्ता सुरू झाला तेव्हा. आधी पहिल्या तासाला चार-पाच मुलांचं पोट दुखायचं. आता दुखत नाही."

त्या मुख्यमंत्र्यांच्या न्याहारी योजनेबद्दल बोलत होत्या. ती सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली. या शहराला हा विषय नवा नाही. थाउजंड लाइट्स भागातल्या महानगरपालिकेच्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण द्यायला १९२० मध्येच सुरुवात झाली होती. मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ च्या सुमारास ते राज्यभर नेलं. १९८२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री, नट एम. जी. रामचंद्रन यांनी पोषण आहाराची मोठी योजना आणली. पडद्यावरच्या एम.जी.आर.ना त्यांचे चाहते 'वाद्यार', म्हणजे मास्तर, म्हणत. त्यांच्या कुठल्या चित्रपटाने किती मुलं शाळेत आली, कोण सांगणार? पण त्या ताटाने लाखो मुलं शाळेत आली आणि टिकली, याबद्दल तमिळनाडूत दुमत नाही. उपमा आणि सांबार यांच्यावर कोणी नायकाची एंट्री लिहीत नाही. मला मात्र शिक्षणावरचा खरा तमिळ महाकाव्याचा विषय हाच वाटतो.

कोरोनाच्या काळात या दोन जगांची गाठ फार विचित्र प्रकारे पडली. २०२१ च्या पोंगलला, १३ जानेवारीला, 'मास्टर' प्रदर्शित झाला. विजय त्यात चेन्नईच्या कॉलेजातला प्राध्यापक आहे. त्यानंतर सहा दिवसांनी, १९ जानेवारीला, तमिळनाडूत दहावी-बारावीचे वर्ग दहा महिन्यांनी उघडले. म्हणजे या शहरातल्या मुलांना समोरासमोर शिक्षक भेटण्याआधी पडद्यावरचा भेटला. मधल्या काळात खरे शिक्षकही पडद्यावर होते, पण त्यांच्यासाठी शिट्ट्या वाजल्या नाहीत. राज्य सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू केलेली 'कल्वी' ही शैक्षणिक वाहिनी कोरोनाच्या त्या वर्षी घरोघरी लागलेली असे. सरकारी शाळांतले शिक्षक फळ्यापुढे उभे राहून कॅमेऱ्याला गणित शिकवत. मी ते पाठ मुद्दाम पाहत असे. एक बाई प्रश्न विचारून थांबायच्या. समोर कोणी नाही, हे माहीत असून थांबायच्या. कुठल्यातरी घरात कोणीतरी उत्तर देत असेल, त्याला तेवढा वेळ मिळावा म्हणून. शिक्षक पडद्यावर कसा दिसावा, असं मला कोणी विचारलं तर मी तो थांबलेला क्षण दाखवीन.

एक चित्रपट मात्र या सगळ्याला अपवाद आहे. पांडिराज यांचा २००९ चा 'पसंगा'. पुदुकोट्टै जिल्ह्यातलं एक गाव, पाचवी-सहावीच्या वयाची भांडखोर पोरं, आणि जयप्रकाश यांनी केलेले चोक्कलिंगम वाद्यार. वर्गातला सगळ्यात दांडगट मुलगा त्यांचाच आहे. ते गावातच राहतात, शेजाऱ्यांशी त्यांचंही बिनसतं, आणि वर्गात ते शांतपणे, थकलेल्या आवाजात, रोजच्यासारखे शिकवतात. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते मुलांमुळे, आणि वाद्यारांचं मोठेपण हे की ते मुलांच्या वाटेत येत नाहीत. तिथे शिक्षकाला काही जिंकायचं नाही. उद्या पुन्हा वर्गावर यायचं आहे.

नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर शालेय शिक्षण खात्याचं मोठं आवार आहे. जुनी माणसं त्याला डीपीआय म्हणतात. आता त्याला द्रमुकचे नेते क. अनबळगन यांचं नाव दिलं आहे, जे स्वतः पच्चैयप्पा कॉलेजात शिकवत. प्राथमिक वर्गांना शिकवणारे सेकंडरी ग्रेड शिक्षक इथे पुन्हापुन्हा धरणं धरून बसले आहेत. ३१ मे २००९ पर्यंत लागलेल्यांचं मूळ वेतन ८,३७० रुपयांपासून ठरलं, १ जूनपासून लागलेल्यांचं ५,२०० पासून. वर्ग तोच, पुस्तक तेच, मुलं तीच. २०२३ च्या पावसाळ्यात ते उपोषणाला बसले होते तेव्हा मी शाळेतून येताना बस तिथून गेली. बायका पदराने वारा घेत जमिनीवर बसल्या होत्या, काहींच्या मांडीवर लहान मुलं होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'वाती' येऊन गेला होता. खासगी शिकवणी-व्यवस्थेविरुद्ध उभा राहिलेला धनुषचा शिक्षक पाहायला लोकांनी तिकिटं काढली होती. रस्त्यावर बसलेल्या या शिक्षकांकडे बसमधल्या कोणी मान वळवून पाहिलं नाही.

एकट्या शूर शिक्षकाच्या गोष्टीने आमच्याकडून काढून घेतलं आहे ते हे. शाळा सुधारली तर त्याने सुधारली, बिघडली तर बाकीच्यांनी बिघडवली, एवढाच हिशेब लोकांच्या मनात उरतो. पदं कोणी भरली नाहीत, वर्ग एवढे मोठे का, पगार दोन का, हे विचारण्याची गरजच त्यात संपते. शिक्षकाने त्याग करावा ही अपेक्षा पक्की होते, आणि शिक्षकाने हक्क मागितला की तो पडद्यावरच्यापेक्षा लहान वाटू लागतो.

शिक्षक दिनाला फुलं मिळतात, ती आम्हाला आवडतात. राधाकृष्णन याच शहरात, प्रेसिडेन्सी कॉलेजात, शिकवत होते. फुलांना इथे जुना अर्थ आहे. पण फुलं देणाऱ्या पालकांकडे माझं एक मागणं आहे. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा मुलाचे गुण पाहून झाल्यावर आणखी तीन गोष्टी विचारा. या वर्गात किती मुलं आहेत? शाळेत किती पदं रिकामी आहेत? या शिक्षकांना वर्षभरात शाळेबाहेरची कोणती कामं करावी लागली? आणि याची उत्तरं शिक्षकांकडे मागू नका. संस्थेकडे, महानगरपालिकेकडे, शिक्षण खात्याकडे लेखी मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.